फलक एकच, यंत्रे दोन, आकडे दोन

रात्री वाहनाच्या दिव्याचा प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत पाठवण्याचा गुण वाहतूक फलकावरच्या शीटमध्ये असतो. तो मोजण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार या अंकासाठी निवडली आहेत. साइटवर या गुणाला सगळे नुसते ‘रेट्रो’ म्हणतात आणि यंत्राला ‘रेट्रोमीटर’. उत्तरांत मीही तेच शब्द वापरले आहेत. आकड्यांचे एकक सर्वत्र कॅन्डेला प्रति लक्स प्रति चौरस मीटर असे समजावे.

प्रश्न १ : आमच्या उपविभागात नव्याने उभारलेल्या हिरव्या दिशादर्शक फलकांची रेट्रो तपासणी चालू आहे. करारात टाइप ११ शीट आहे, म्हणजे पांढऱ्या रंगासाठी किमान ५८० हवे. कंत्राटदाराने बाहेरच्या प्रयोगशाळेकडून मोजून घेतले तेव्हा पांढऱ्या अक्षरांची सरासरी ६४० आली. आमच्या यंत्रावर त्याच फलकाची ४९५ आली. दोन्ही यंत्रांची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रे मुदतीत आहेत. बिल अडकले आहे. कोणाचे रीडिंग धरावे? — कनिष्ठ अभियंता, सातारा जिल्हा

उत्तर : आपण दोन्ही प्रमाणपत्रे पाहिलीत, पण बहुधा फक्त मुदतीची तारीख पाहिलीत. यंत्र कोणत्या कोनांवर मोजते, हे त्याच कागदावर लिहिलेले असते आणि निम्मी भांडणे तेथेच मिटतात.

रेट्रोमध्ये दोन कोन महत्त्वाचे असतात. दिव्याचा किरण शीटवर लंबरेषेशी किती तिरका पडतो तो आपतन कोन. आणि दिवा, फलकावरचा बिंदू व पाहणाऱ्याचा डोळा यांच्यामधला कोन तो निरीक्षण कोन. कारचालकाचा डोळा हेडलाइटच्या साधारण ६० सेंटिमीटर वर धरला, तर सुमारे १७० मीटरवरून फलक पाहताना निरीक्षण कोन ०.२ अंश होतो आणि गाडी ७० मीटरवर आली की तो ०.५ अंश होतो. आपण ज्या ५८० चा उल्लेख केला आहे तो आकडा एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या डी ४९५६ या मानकातील ०.२ अंश निरीक्षण कोन आणि उणे ४ अंश आपतन कोन यांच्या रकान्यातला आहे. त्याच शीटचा त्याच तक्त्यात ०.५ अंशाला किमान आकडा ४२० आहे. टाइप ८ या दुसऱ्या प्रकारच्या शीटमध्ये तर ही घसरण ७०० वरून थेट २५० पर्यंत आहे. युरोपीय पद्धतीची यंत्रे ०.३३ अंश आणि ५ अंश या जोडीवर मोजतात, आणि काही यंत्रांत दोन्ही जोड्या असून बटण दाबून निवड करावी लागते. मागच्या माणसाने बटण कोठे ठेवले होते हे पुढच्याने पाहिले नाही, की शीट चांगली असूनही नापास होते. म्हणून करारात कोन लिहिलेले नसले, तरी ज्या तक्त्यातून ५८० घेतले त्या तक्त्याचेच कोन लागू होतात. दुसऱ्या कोनावरचे रीडिंग या कामासाठी धरता येत नाही.

कोन सारखे निघाले, तर पुढचा प्रश्न यंत्राच्या जातीचा. काही यंत्रांत परतणारा प्रकाश दिव्याभोवतीच्या गोल कड्यातून गोळा होतो. अशी यंत्रे सगळ्या दिशांची सरासरी देतात आणि फलकावर कशीही धरली तरी आकडा फारसा हलत नाही. दुसऱ्या जातीत हेडलाइटच्या वर डोळा असावा तसा प्रकाश घेणारा एकच बिंदू असतो. ही यंत्रे फलकाच्या उभ्या अक्षाशी जुळवून सरळ धरावी लागतात. काचमण्यांच्या जुन्या शीटवर या दोन जातींत फार फरक पडत नसे. टाइप ११ सारख्या प्रिझमच्या शीटमध्ये मात्र परस्परांना लंब असलेल्या तीन पृष्ठांचे सूक्ष्म कोपरे ठरावीक दिशेने बसवलेले असतात, आणि शीट किंवा यंत्र फिरवले की परतणाऱ्या प्रकाशाची वाटणी बदलते. कड्याच्या यंत्राचा आणि बिंदूच्या यंत्राचा आकडा प्रिझमच्या शीटवर जुळलाच पाहिजे अशी अपेक्षा ठेवणे चुकीचे आहे. दोघांची सरासरी काढणे त्याहून चुकीचे.

बिंदूचे यंत्र वाकडे धरले जाण्याचे एक नेहमीचे ठिकाण सांगतो. गँट्रीवरचा, म्हणजे रस्त्यावरच्या लोखंडी कमानीवरचा फलक असतो, माणूस क्रेनच्या पाळण्यात उभा असतो, एका हाताने कठडा धरलेला असतो आणि दुसऱ्या हाताने यंत्र आडवे करून अक्षरावर टेकवलेले असते, कारण सरळ धरले तर त्याला पडदा दिसत नाही. खाली उभा असलेला लिपिक वरून ओरडलेला आकडा लिहून घेतो. यंत्र आडवे होते हे कोठेच लिहिले जात नाही. लांब काठीवर यंत्र बसवून जमिनीवरून मोजतानाही असाच तिरपेपणा येतो.

आपल्या बाबतीत अक्षरांचीही चौकशी करावी. दिशादर्शक फलक दोन प्रकारे बनतात. पहिल्या प्रकारात अखंड पांढऱ्या शीटवर हिरवी पारदर्शक फिल्म चढवून अक्षरांच्या जागी ती कापून काढतात. येथे सगळी अक्षरे एकाच शीटची आणि एकाच दिशेची असतात. दुसऱ्या प्रकारात हिरव्या शीटवर पांढरी अक्षरे कापून चिकटवतात, आणि रोलमधील तुकडा वाया जाऊ नये म्हणून कारागीर एखादे अक्षर आडवे कापतो. त्यात चोरी नसते, काटकसर असते. पण ‘सातारा’मधला ‘सा’ आणि ‘रा’ वेगवेगळे आकडे देतात. शिवाय अक्षराच्या दांडीची रुंदी यंत्राच्या प्रकाशठिपक्याहून कमी असेल, तर ठिपका हिरव्यावर सांडतो आणि पांढऱ्याचा आकडा खाली येतो. टाइप ११ मध्ये हिरव्याचा किमान आकडा पांढऱ्याच्या दहावा हिस्सा, म्हणजे ५८ आहे. तेव्हा थोडे सांडले तरी नुकसान मोठे होते. आपले ४९५ अशा सांडण्याने आले असणे अगदी शक्य आहे. ज्या अक्षरांवर ठिपका पूर्ण मावतो तीच मोजावीत, नाहीतर फलकाच्या पांढऱ्या किनारीवर पुरेशी रुंदी सापडते का ते पाहावे.

निकाल लावण्यासाठी दोन्ही यंत्रे एकाच वेळी एकाच फलकापाशी आणा, आणि फलकाला हात लावण्याआधी एकमेकांच्या प्रमाणित पट्ट्या, म्हणजे ज्यांचा आकडा प्रमाणपत्रात दिलेला असतो आणि ज्यांवर यंत्र जुळवतात त्या पट्ट्या, मोजा. आपल्या यंत्राने त्यांची पांढरी पट्टी मोजावी, त्यांनी आपली. आपले ४९५ हे त्यांच्या ६४० च्या साधारण ७७ टक्के आहेत. दोन्ही यंत्रांचे कोन सारखे असून पट्टीवरही हेच ७७ टक्क्यांचे प्रमाण निघाले, तर कोणाच्या तरी कॅलिब्रेशनमध्ये खोट आहे, आणि दोन्ही पट्ट्या त्रयस्थ प्रयोगशाळेत पाठवल्याशिवाय ती कोणाची हे कळणार नाही. पट्ट्यांवर यंत्रे जुळली आणि फलकावर बिनसली, तर दोष कॅलिब्रेशनचा नाही. तो दिशेत, ठिपक्यात किंवा यंत्राच्या जातीत आहे. मग फलक धुऊन, चिकटपट्टीने जागा आखून, दोघांनी त्याच चौकटीत मोजावे. या परीक्षेला अर्धा तास लागतो. बिल किती महिने अडकले आहे ते आपण लिहिलेले नाही.

प्रश्न २ : माझा फलक तयार करण्याचा लघुउद्योग आहे. वेगमर्यादेच्या गोल फलकावर पांढऱ्या शीटवर लाल कडे आम्ही स्क्रीन प्रिंटिंगने छापतो. तपासणीत पांढरा नेहमी पास होतो, लाल मात्र कधी पास, कधी नापास. शाई तीच, कारागीर तोच. यंत्राला लाल रंग नीट दिसत नाही असे असू शकते का? — लघुउद्योजिका, नाशिक

उत्तर : असू शकते, पण सगळा दोष यंत्रावर टाकण्यापूर्वी आपल्या स्क्रीनकडेही पाहावे लागेल.

आधी यंत्राची बाजू. मानकातले आकडे हे विशिष्ट प्रकारच्या पिवळसर, म्हणजे तंतूच्या दिव्यासारख्या प्रकाशाखाली आणि सरासरी मानवी डोळ्याच्या संवेदनशीलतेप्रमाणे मोजलेले आहेत. यंत्रातला दिवा आणि संवेदक मिळून या जोडीशी जुळतील अशी गाळणी त्यात बसवलेली असते. ती जुळणी किंचित चुकली, तर पांढऱ्यावर काहीच कळत नाही, कारण यंत्र पांढऱ्या पट्टीवरच शून्य ते शंभर बसवलेले असते. चूक उघडी पडते ती लाल आणि निळ्या रंगांवर. म्हणून यंत्रवाल्याकडे प्रमाणित लाल पट्टी मागावी. पांढऱ्या पट्टीवर कॅलिब्रेट केलेले यंत्र लाल पट्टीवर तिच्या प्रमाणपत्रातील आकडा दाखवते की नाही, हे मिनिटभरात दिसते. दाखवत नसेल, तर त्या यंत्राची लाल व निळी रीडिंग मान्य न करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. तपासणारा सांगेल की पट्टी कार्यालयात राहिली. तेव्हा थांबण्याची तयारी ठेवावी.

आता आपली बाजू. आपली शाई पारदर्शक असते. प्रकाश तिच्यातून आत जातो, शीटवरून परततो आणि पुन्हा तिच्यातूनच बाहेर येतो. थर जाड झाला तर त्याची किंमत दोनदा मोजावी लागते. स्क्रीनची जाळी, रबराच्या फळीवरचा दाब, शाईत घातलेला थिनर आणि वाळायला दिलेला वेळ यांतले काहीही बदलले की कड्याच्या एका बाजूचा आकडा दुसऱ्या बाजूपेक्षा वेगळा येतो. घड्याळाच्या १२, ३, ६ आणि ९ या जागांवर मोजून पाहिलेत तर फळी कोठून सुरू झाली आणि कोठे संपली हे आकड्यांतूनच वाचता येईल. ‘कधी पास, कधी नापास’ याचा अर्थ पुष्कळदा ‘१२ वर पास, ६ वर नापास’ असा असतो. लाल रंग फार जास्त येणे हीसुद्धा चांगली खूण मानू नये. अमेरिकेतील वाहतूक नियमावलीत लाल-पांढऱ्या फलकासाठी वापरातील किमान आकडे पांढऱ्याला ३५ आणि लालला ७ असे आहेत, आणि त्याशिवाय पांढरा लालच्या किमान तिप्पट असला पाहिजे अशी अट आहे; उन्हाने लाल विटला की त्याचा रेट्रो वाढतो, पण फलक रात्री ओळखू येत नाही.

लाल कडे अरुंद असेल तर पहिल्या उत्तरातील ठिपक्याचा मुद्दा येथेही लागू आहे, फक्त उलट दिशेने : पांढऱ्यावर सांडलेला ठिपका लालला फुकट पास करतो. लहान छिद्राचा अडॅप्टर लावला असेल, तर तो लावलेल्या अवस्थेतच यंत्र पुन्हा कॅलिब्रेट करावे.

प्रश्न ३ : मी घाटरस्त्याच्या देखभालीवर पर्यवेक्षक आहे. फलक धुऊन मोजावेत की आहेत तसे? पावसाळ्यात मोजता येईल का? आणि एका फलकाची किती रीडिंग पुरेशी समजावीत? — रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आपल्याला काय जाणून घ्यायचे आहे त्यावर धुणे अवलंबून आहे. शीट बाद झाली का, हमीच्या मुदतीत आहे का, असा प्रश्न असेल तर धुऊनच मोजले पाहिजे. चालकाला आज रात्री काय दिसते असा प्रश्न असेल तर आधी आहे तसे मोजावे, मग धुवावे आणि पुन्हा मोजावे. माझा आग्रह दोन्ही आकडे नोंदवण्याचा आहे, कारण त्या दोन आकड्यांतला फरक आपल्या धुण्याच्या वेळापत्रकाविषयी जे सांगतो ते एरवी कोणी सांगत नाही. उसाच्या गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर गळीत हंगामात डाव्या बाजूचे फलक किती लवकर मातकट होतात हे देखभालीतल्या माणसाला सांगायला नको. धुण्यासाठी स्वच्छ पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडके पुरे. वाढदिवसाच्या शुभेच्छांची पोस्टरे खरवडून काढायला थिनर किंवा पत्र्याची पट्टी वापरू नये. पोस्टर निघते, पण तेथला पृष्ठभाग कायमचा ओरखडतो आणि पुढे वर्षानुवर्षे ती जागा कमी आकडा देते.

पाऊस पडत असताना मोजू नये. पृष्ठभागावरचे थेंब लहान भिंगांसारखे वागतात आणि प्रकाश भलतीकडे पाठवतात. दव त्याहून फसवे असते, कारण ते दिसत नाही. एकदा घाटात सकाळी साडेसहाला मी काम सुरू केले. पहिल्या १० ते १२ फलकांचे आकडे इतके खाली आले की आख्खा माल बनावट आहे अशी माझी खात्री पटली. नऊच्या सुमारास सहज पहिल्या फलकाकडे परत गेलो तर आकडा दीडपट झाला होता. दोन गोष्टी झाल्या होत्या : फलकावर दव होते, आणि यंत्र रात्रभर वातानुकूलित खोलीत राहिल्यामुळे घाटातल्या दमट हवेत बाहेर काढताच त्याच्या पुढच्या काचेवर बाष्प धरले होते. चष्म्यावर धरते तसेच, पण यंत्राचा चष्मा आपण पुसून पाहत नाही. कोकणात तर यंत्र मोजणीआधी निदान अर्धा तास पेटीचे झाकण उघडून सावलीत ठेवावे, मग काळ्या टोपीवर शून्य आणि पांढऱ्या पट्टीवर कॅलिब्रेशन करावे. पट्टीची काचही त्याच फडक्याने पुसावी. घामट अंगठ्याचा ठसा असलेल्या पट्टीवर यंत्र बसवले, तर दिवसभराचे सगळे फलक खऱ्याहून चांगले निघतात. हे कॅलिब्रेशन दिवसातून एकदा करून भागत नाही. जागा बदलली, ऊन चढले किंवा यंत्राला धक्का बसला की पुन्हा करावे. ०.२ अंश ही किती बारीक गोष्ट आहे याचा अंदाज यावा म्हणून सांगतो : अर्ध्या मीटरच्या अंतरावर ०.२ अंश म्हणजे पावणेदोन मिलिमीटर. जीपच्या मागच्या सीटवरून यंत्र एकदा खाली पडले, तर आतले भिंग तेवढे हलायला काही वेळ लागत नाही.

यंत्राचे तोंड फलकाला सगळीकडून टेकले पाहिजे. रिव्हेट, बोल्टचे डोके किंवा गाडीच्या धक्क्याने वाकलेला पत्रा असेल, तर फटीतून ऊन आत शिरते. शंका असल्यास एकदा उन्हात आणि एकदा त्याच जागी छत्रीची सावली करून मोजावे; आकडा बदलला तर ती जागा सोडावी.

रीडिंगची संख्या. हातातल्या यंत्राने मोजण्याची एएसटीएमची ई १७०९ ही पद्धत प्रत्येक रंगाची किमान चार रीडिंग वेगवेगळ्या ठिकाणी घ्यायला सांगते. चारही आकडे लिहावेत, नुसती सरासरी लिहू नये. चारपैकी तीन ४५० च्या आसपास आणि एक १८० असेल, तर तो १८० ‘चुकीचा आला’ म्हणून खोडण्याची सवय सर्वत्र आहे. तो खोडण्याआधी तेथे शीटला फुगा आला आहे का, ठिगळ लावले आहे का, हे जवळ जाऊन पाहावे. आपल्या यंत्राचा आणि आपल्या हाताचा मिळून किती फरक पडतो हेही एकदा काढून ठेवावे : एकाच जागी यंत्र १० वेळा टेकवून, प्रत्येक वेळी पूर्ण उचलून, १० आकडे घ्यावेत. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यांतील अंतर हे आपले स्वतःचे मोजमाप झाले. फलक किमान आकड्याच्या त्याहून जवळ असेल, तर पास किंवा नापास असा शेरा मारण्याची घाई करू नये.

प्रश्न ४ : आमच्या शाळेजवळच्या वळणावरचे फलक रात्री दिसत नाहीत अशी पालकांची तक्रार आहे. आमच्याकडे यंत्र नाही. मोबाइलच्या बॅटरीने तपासता येईल का? — शिक्षक, सोलापूर जिल्हा

उत्तर : आकडा मिळणार नाही, पण तुलना उत्तम होते. अंधार पडल्यावर फलकापासून ३० ते ४० पावलांवर उभे राहावे, मोबाइल कानशिलाला टेकवून धरावा आणि त्याचा दिवा फलकावर टाकावा. दिवा डोळ्याच्या जवळ असणे हेच येथे महत्त्वाचे आहे. मोबाइल छातीपाशी धरला तर परतणारा प्रकाश तुमच्या डोळ्यांपर्यंत फारसा येत नाही आणि चांगला फलकही मेलेला वाटतो. त्याच रस्त्यावर नुकताच बसवलेला एखादा फलक त्याच अंतरावरून, त्याच मोबाइलने पाहावा. जुना फलक त्याच्या शेजारी राखाडी दिसला, किंवा त्रिकोणाच्या लाल किनारीतले काळे चिन्ह ओळखू आले नाही, तर तक्रार खरी आहे.

अमेरिकेतल्या रस्तेखात्यांतही डोळ्यांनी रात्रीची पाहणी करण्याची पद्धत मान्य आहे, आणि तिच्या एका प्रकारात पाहणारा माणूस ६० वर्षांवरचा असावा अशी अट आहे, कारण त्याला दिसले तर तरुणाला दिसतेच. आपल्या पालकसभेत तसे आजोबा सहज मिळतील. त्यांना गाडीत चालकाशेजारी बसवा, दिवे डिपरवर ठेवा, आणि कोणता फलक कोठे आल्यावर वाचता आला ते त्यांच्याकडून विचारून लिहून घ्या. त्यासोबत दिवसा काढलेले फोटो आणि फलकामागे शीटचा प्रकार व बसवल्याची तारीख असलेले लेबल असेल तर त्याचाही फोटो जोडून बांधकाम उपविभागाला अर्ज द्यावा, आणि मोजणी यंत्राने करून मिळावी अशी मागणी त्यात स्पष्ट लिहावी. मोजणीच्या दिवशी आपण हजर राहा, आणि यंत्र फलकावर टेकवण्यापूर्वी पांढरी पट्टी पेटीतून बाहेर निघते की नाही तेवढे पाहा.